रक्तगटाचा रकाना

शाळेनं कळवलंय : भूकंपाची टोपी शिवून आणा.
कापूस भरलेली, कान झाकणारी,
एरवी खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवायची.
आतून पांढरी पट्टी, पट्टीवर
नाव, इयत्ता, घरचा फोन
आणि रक्तगट.

नाव लिहिलं : नात्सुमे.
इयत्ता पहिली. फोन लिहिला.
मग पेन तिथंच.

हल्ली जन्मताना तपासत नाहीत.
साचिए म्हणाली, मी ओ, तू ए,
म्हणजे पोरगी एक तर ए, नाही तर ओ.
मी हाचिनोहेच्या बंदरावर काटा बघतो,
पहाटे तीनपासून, स्क्विडच्या पेट्या, ग्रॅमपर्यंत.
‘एक तर हे, नाही तर ते’
अशी पावती मी आजवर फाडलेली नाही.

आणि हिच्यापुढे सुईचं नाव काढायची सोय नाही.
टोपी शिवताना साचिए दुसऱ्या खोलीत बसते.
थंडीतल्या तापाच्या लशीच्या दिवशी
ही गाद्यांच्या कपाटात शिरली, दार आतून ओढलं.
दोन तास. बाहेर मी, आत ती,
मध्ये कागदाचं दार.
बोटानं फाटलं असतं.

डॉक्टर नारुमि म्हणाले, आधी बाबांचं बघू.
नात्सुमे दाराशी, एक पाय बाहेर.
मी हात पुढे केला, चेहरा शक्य तितका सपाट.
कार्डावर दोन थेंब : एक निळा, एक पिवळा.
दोन्हींत माझं थोडं थोडं कालवलं.
निळ्यात गुठळ्या धरायला हव्या होत्या.
निळं तसंच राहिलं, गुळगुळीत.
पिवळं मात्र
दूध नासावं तसं फुटलं.

तुम्ही बी आहात, डॉक्टर म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षं मी ए होतो.
ए-ची माणसं नीटनेटकी, असं इथं जो तो सांगतो.
म्हणून तर मी चपला जोडीनं लावत आलो,
दाराकडे तोंड करून, दुसऱ्यांच्यासुद्धा.

माझ्याही टोपीत पट्टी होती.
लाल दोऱ्यानं भरलेला ए, जरा उजवीकडे कललेला,
आईच्या हातचा.
किनुए तिचं नाव. तीन वर्षं झाली तिला जाऊन.
सात वर्षांचा असताना मी एका नर्सच्या मनगटाला चावलो होतो
आणि अनवाणी पळत घरी आलो होतो,
हे मला आठवत होतं.
त्याच संध्याकाळी टोपी तयार होती, हेही.
ही दोन कधी एकत्र आठवली नव्हती.
कसं कळलं, असं मी तिला विचारलं नाही.
मला वाटायचं, आयांना कळतं.

काही बिघडलं नसतं, डॉक्टर हात धूत म्हणाले,
पट्टीवर कुणी विसंबत नाही.
आधी तपासतात, मगच चढवतात.
मग रकाना कशाला?
त्यांनी नळ बंद केला. टॉवेल शोधू लागले.

परतताना धक्क्यावरून आलो.
बोटी दिवे लावून निघायच्या तयारीत.
माझ्या बोटावरचा कापूस नात्सुमेनं दाबून धरलेला,
रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी.
दुखलं?
थोडं.
मला उद्या नको.
बरं.
परवापण नको.
बरं.
मग बराच वेळ काही नाही, आणि मग :
बाबा, आजी खोटं बोलली?
मी म्हटलं, आजीनं शिवलं.

रात्री सगळं सांगितल्यावर साचिएनं दिवा जवळ ओढला.
नवा हिशोब तिनंच केला :
बी, नाही तर ओ.
दोरा जिभेनं ओला केला, नेढ्यातून काढला.
लाल. मी सांगितलं नव्हतं.
काय घालू? तिनं विचारलं.

आतल्या खोलीत पोरगी झोपलेली.
कपाटाचं दार तिनं बोटभर उघडं ठेवलेलं,
लागलंच तर.